वाट तिची, परीक्षा आपली

।। श्री गुरुदेव दत्त ।।



मागच्या महिन्यात गुरुवारची आरती झाल्यावर एक सून आम्हा सेवेकरी बायकांजवळ थांबली. प्रसादाची ताटं पुसता पुसता तिनं विचारलं, "काकू, मूल हवं असं मनात धरून बसणं म्हणजे आसक्तीच ना? मग माझी सेवा वाया जातेय का?"

आम्ही तिघी-चौघी होतो. नेहमीचं उत्तर तोंडावर तयारच होतं. "अगं, विचार सोडून दे. गुरूंवर टाक. टेन्शन घेतलं की राहत नाही." ती थोडी हसली आणि हळूच म्हणाली, "मी टाकलंय हो काकू. पण तुम्ही सगळ्या रोज ते उचलून परत माझ्या हातात देता."

त्या रात्री आम्हाला कुणालाच नीट झोप आली नाही. पुढे ती मोकळेपणानं बोलली. तिच्याच परवानगीनं, नाव-गाव न सांगता, हे लिहीत आहोत.

लग्नाला चार वर्षं झाली. दर महिन्यात साधारण दोन आठवडे असे येतात, की करण्यासारखं हातात काही उरत नाही, फक्त वाट पाहायची. स्त्रीबीज फलित झालं तरी ते गर्भाशयात रुजायला साधारण सहा ते दहा दिवस लागतात. रुजल्यानंतरच एचसीजी हे संप्रेरक तयार होऊ लागतं, आणि घरी करायची कार्ड टेस्ट तेच शोधते. म्हणून घाई करून टेस्ट केली तर दिवस राहिलेले असूनही एकच रेघ दिसू शकते. छाती जड होणं, थकवा, ओटीपोटात ओढ, हे पाळीच्या आधीही होतं आणि दिवस राहिल्यावरही होतं. म्हणजे शरीर रोज काहीतरी सांगतं, पण त्यावरून कळत काहीच नाही.

हे सगळं ठाऊक असूनही ती पाळीच्या तारखेआधीच टेस्ट करायची. पहाटे पाचला, बाथरूमचा नळ सोडून, पाकीट फाडल्याचा आवाज सासूबाईंना जाऊ नये म्हणून. मग कार्ड खिडकीच्या उजेडात धरून दुसरी रेघ शोधायची. आपल्या इंदूरमध्ये घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा होतो. तिच्याकडे ते काम सासूबाईंचं. म्हणून ते कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये, आणि तिथून ऑफिसच्या डब्यात.

आणि आपण काय करत होतो? फळांच्या प्रसादातली पपईची फोड तिनं बाजूला ठेवली, की आमच्यात नजरानजर. दोन गुरुवार ती उत्साहात दिसली, की "काय गं, खुशखबर का?" आणि एखाद्या गुरुवारी आली नाही, की कुणीतरी म्हणायचं, "अडचण आली वाटतं बिचारीला." म्हणजे तिनं आईला फोन करून सांगण्याआधीच अख्ख्या सभामंडपाला निकाल कळलेला. हे आम्ही प्रेमानंच करत होतो. म्हणूनच आमच्या लक्षात आलं नाही.

आता तिचा मूळ प्रश्न. आशा ही आसक्ती आहे का?

अशा मुलींना आपण नेहमी श्रीगुरुचरित्राचा 39 वा अध्याय वाचायला सांगतो. तो आम्ही पुन्हा एकत्र बसून वाचला. गाणगापुरातली सोमनाथ ब्राह्मणाची पत्नी, वय साठ वर्षं, मूल नाही. ती नित्य श्रीगुरूंच्या दर्शनाला येत असे. बरेच दिवस गेल्यावर श्रीगुरूंनीच तिला विचारलं, तुझ्या मनात काय आहे? तिनं मागितलं तेही पुढच्या जन्मासाठी. तिथं तिला कुणी 'इच्छा सोड, मग ये' असं म्हटलेलं नाही. मनातलं दुःख सांगणं ही तिच्या सेवेतली खोट ठरली नाही.

पण याच अध्यायाचा आपण दुसरा उपयोग करतो, तो मात्र चुकीचा आहे. "वाच, होणारच" असं आपण छातीठोकपणे सांगतो. मग नाही झालं की त्या मुलीच्या मनात येतं, माझीच श्रद्धा कमी पडली. ज्या ग्रंथानं धीर द्यायचा, त्याचाच ठपका होतो. "टेन्शन घेतलं म्हणून राहिलं नाही" हेही तसंच. डॉक्टर तपासतात ते स्त्रीबीज, नलिका, थायरॉइड, आणि हो, नवऱ्याचे शुक्राणूसुद्धा. तू काळजी केलीस म्हणून झालं नाही, असं कुठल्याही रिपोर्टवर लिहिलेलं नसतं. ते आपण लिहितो.

फळाची अपेक्षा सोडणं म्हणजे आशा मारून टाकणं नाही, असं आम्हाला वाटतं. पेरणी झाल्यावर माळव्यातला शेतकरी आभाळाकडे बघतोच की. फक्त सोयाबीन उगवलं का म्हणून रोज माती उकरत नाही. आपण मात्र दुसऱ्याच्या शेतात जाऊन उकरतो, आणि वर त्यालाच सांगतो, बाबा रे, धीर धर! त्या चौदा दिवसांत निष्काम व्हायची गरज तिच्यापेक्षा आपल्याला जास्त आहे. बातमी कळण्याची आपलीही एक आसक्तीच आहे, आणि ती सोडणं तिच्या मानानं कितीतरी सोपं आहे.

आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या काकूंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, "विचारायचंच नाही तर आपली माणसं कशाला? आमच्या सासूबाईंनी विचारलं म्हणून तर आम्ही डॉक्टरकडे गेलो." त्यांचंही खरं आहे. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा मुलगी पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, डॉक्टरकडे जावं, आणि दोघांनी जावं. हे जवळच्या माणसानं एकदा, एकांतात, जरूर सांगावं. एकदा सांगणं ही काळजी झाली. दर गुरुवारी विचारणं ही चौकशी.

मग जवळ राहायचं कसं? आमच्यातल्या एकीनं स्वतःची आठवण सांगितली. एकत्र कुटुंब, लग्नाला सहा वर्षं झालेली. पाळी आली की थोरल्या जाऊबाईंना चेहऱ्यावरून कळायचं. त्या एक शब्दही विचारत नसत. पोळपाट स्वतःकडे ओढून म्हणत, "तू जरा गच्चीवर जाऊन पापड राख." गच्चीवर तिला तासभर एकटीला रडता येई. पापड नसायचे त्या महिन्यांतही त्या पापडच राखायला पाठवायच्या.

म्हणून आमच्या केंद्रातल्या भगिनींनी ठरवलं आहे, आणि आपल्यालाही विनंती आहे. 'खुशखबर' हा शब्द आपण आधी काढायचा नाही. कुणी प्रसादात काय खाल्लं नाही, कोण कुठल्या गुरुवारी आलं नाही, याची हजेरी घ्यायची नाही. सगळ्यांसमोर हाक मारून कुणाची ओटी भरायची नाही. तिनं मागितलं तर नारळ शांतपणे हातात द्यायचा. आणि उपासनेसाठी औषध थांबवायला कधीही सांगायचं नाही. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर दिवस राहण्याच्या आधीपासूनच देतात. एकादशीला घेऊ का, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच, "घे."

त्या सुनेला आम्ही पुन्हा भेटून सांगितलं, "बाळ, तुझी सेवा वाया जात नाही. आमचं चुकलं." ती काही बोलली नाही. पुढच्या गुरुवारी नेहमीसारखी ताटं पुसायला आली.

तिला आता दिवस आहेत का? गच्चीवर जाणाऱ्या आमच्या मैत्रिणीला पुढे मूल झालं का? वाचता वाचता हे प्रश्न आपल्याही मनात आले असतील. आम्ही मुद्दामच लिहिलेलं नाही.

श्रीगुरुचरणी अर्पण.

— सेवेकरी भगिनी, इंदूर