शंकासमाधान : दुसऱ्याचे भले का सलते?

शंका : शेजाऱ्याच्या होडीला भरपूर म्हावरे लागले की मन खट्टू होते आणि त्याचे जाळे फाटले की आतून बरे वाटते. हे पाप आहे का?

समाधान : मनात उठणारी पहिली कळ पाप नव्हे; ती जोपासणे हा दोष आहे. माणूस स्वतःची योग्यता आपल्यासारख्यांशी तुलना करून जोखतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडले. म्हणूनच मुंबईच्या धनिकाची श्रीमंती मुरूडच्या नाखव्याला सलत नाही. त्याच बंदरातून निघून त्याच पाण्यात जाळे टाकणाऱ्याची मात्र सलते. षड्रिपूंत मत्सराची गणना होते ती याचसाठी, की तो प्रत्येकाच्या मनात शिरू शकतो आणि त्याला रोखावे लागते.

शंका : दुसऱ्याच्या नुकसानीत आपला काहीच फायदा नसताना आनंद का होतो?

समाधान : जपानमधील संशोधकांनी 2009 मध्ये मेंदूच्या चित्रणातून याचा शोध घेतला. मत्सर वाटताना वेदनेशी निगडित भाग सक्रिय झाला. ज्याचा मत्सर वाटतो त्याच्यावर संकट आल्याचे कळताच बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा भाग उद्दीपित झाला. म्हणजे हा आनंद बराचसा तुलनेची ठसठस थांबल्याचा असतो. स्वतःचे जाळे त्याने भरत नाही. उलट समोरचा सावरला की ठसठस पुन्हा सुरू होते.

शंका : दुष्टाला शिक्षा झाल्यावर समाधान वाटणेही वाईट का?

समाधान : नाही. 24 मार्च 2012 रोजी दिवेआगरच्या सुवर्ण गणेश मंदिरावर दरोडा पडला आणि दोन रखवालदारांचा जीव गेला. गुन्हेगारांना शिक्षा झाल्याचे समाधान हे न्यायाचे समाधान आहे. परंतु गुन्हेगाराच्या निरपराध मुलाबाळांच्या हालांतही गोडी वाटू लागली, तर तिथे न्याय संपून द्वेष सुरू झाला असे समजावे.

शंका : मन आवरण्याचा उपाय कोणता?

समाधान : पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चार वृत्ती सांगितल्या आहेत : सुखी माणसाशी मैत्री, दुःखितावर करुणा, पुण्यवानाविषयी आनंद आणि पाप्याविषयी उपेक्षा. मत्सरी मन यांतील पहिल्या दोन वृत्ती उलट्या करते. कोकण किनाऱ्यावरच्या इतर श्रद्धाही हेच शिकवतात. अलिबाग परिसरातील बेने इस्रायली ज्यूंच्या धर्मग्रंथात शेजाऱ्याच्या मालमत्तेचा लोभ धरू नये अशी आज्ञा आहे. शत्रू पडला तरी हर्ष मानू नये, असा त्यातल्याच नीतिसूत्रांचा उपदेशही आहे. कुराणात मत्सर करणाऱ्यापासून ईश्वराचे संरक्षण मागितले आहे.

भावना हुकमाने बदलत नाही, म्हणून आरंभ कृतीने करावा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ धरायला काही वर्षे जातात. अशा वेळी ज्याचा हेवा वाटत होता त्याच्याच वाडीतली पडझड उचलायला जावे. हात त्याच्या कामाला लागले की त्याचे दुःख जवळून दिसते आणि करुणेला जागा होते. त्याची भरभराट असेल तेव्हा त्याने कोणती मेहनत घेतली हे जाऊन विचारावे. मग हेव्यातली ओढ शिकण्याकडे वळते. मन तरीही कुरकुरले तर निराश होऊ नये. निंदा न करणे आणि मदत न टाळणे एवढे नेमाने पाळले, तरी मत्सराला खतपाणी मिळत नाही.