ज्या पायाला दुखत नाही

शास्त्रपाठ : १ करिंथ १२:१२-२७, गलती ६:२, प्रेषितांची कृत्ये ९:१-५



आमच्या इंदूरच्या मंडळीतील एक वडील एका रविवारी उपासना आटोपून पायीच घरी गेले. चपलेच्या तळातून एक बारीक खिळा वर आला होता आणि पावलागणिक अंगठ्याखाली रुतत होता. संध्याकाळी फरशीवरचे रक्ताचे डाग पाहून नातीने विचारले, "आजोबा, हे काय?" तेव्हा कुठे त्यांना कळले. बरीच वर्षे असलेल्या मधुमेहाने त्यांच्या पायांतील संवेदना गेली होती. जखम चिघळली आणि अखेर अंगठा काढावा लागला. आम्ही भेटीस गेलो तेव्हा ते म्हणाले, "दुखले असते तर अंगठा वाचला असता हो."

हे बोल आमच्या मनातून जाईनात. दुखणे दूर कर अशी प्रार्थना आम्ही पुष्कळदा केली होती; पण दुखते याबद्दल देवाचे उपकार कधी मानले नव्हते.

देवाने हे शरीर कसे रचले आहे ते पाहा. तापलेल्या तव्याला बोट लागले की कातडीतील मज्जातंतू ती खबर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे नेतात. मज्जारज्जू मेंदूची वाट पाहत नाही. तो तत्काळ दंडाच्या स्नायूंना हुकूम देतो आणि हात मागे येतो. "भाजले" हे मेंदूला क्षणभराने कळते. मग सारे शरीर धावते. तोंड हाक मारते, पाय पाण्याकडे नेतात, दुसरा हात नळ सोडतो, हृदयाचे ठोके वाढतात. रक्तातील पांढऱ्या पेशी जखमेच्या जागी गोळा होतात. "बोटाचे बोट पाहून घेईल" असे कोणताही अवयव म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. पायात काटा मोडला की आपण लंगडतो. लंगडण्याचे आपल्याला हसू येते. पण लंगडणे म्हणजे काय? पावलात २६ हाडे आहेत आणि उभ्या देहाचा भार त्यांनी पेलायचा असतो. एक पाऊल दुखावले की दुसरा पाय अधिक भार घेतो, कंबर कलते, खांदा झुकतो, चाल मंदावते. दुखऱ्या अवयवाला भरून येण्यास अवकाश मिळावा म्हणून सारे शरीर आपली सोय सोडते. गलतीकरांस एकमेकांची ओझी वाहण्याविषयी जे लिहिले आहे ते आपले पाय रोज करीत असतात. पण बधिर पाय लंगडत नाही. तो जखमेवरच चालत राहतो.

डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोगाने बोटे सडून गळतात असा त्या काळी समज होता. त्यांनी रुग्णांचे हातपाय बारकाईने पाहिले आणि निराळेच आढळले. रोगाचे जंतू मज्जातंतू बधिर करतात. पुढील बहुतेक नाश होतो तो वेदना न कळल्यामुळे. गरम भांडे हाताने उचलले जाते, फोडावर फोड येतात, रात्री झोपेत उंदीर बोट कुरतडून जातो आणि माणूस जागा होत नाही. आज कुष्ठरोग औषधाने बरा होतो. पण मेलेला मज्जातंतू सहसा परत येत नाही.

सर्वच वेदना उपकारक असतात असे आम्ही म्हणत नाही. कर्करोगाने तळमळणाऱ्याच्या उशाशी बसून असे कोण म्हणेल? तेथे वेदना शमविणे हीच प्रीती. पण ज्या शरीराला काहीच दुखत नाही ते निरोगी असते असे नाही.

आता आम्ही आमचीच लाज सांगतो. आमच्या मंडळीतील एक विधवा भगिनी चार रविवार आल्या नाहीत. गीते झाली, उपदेश झाला, अर्पण गोळा झाले, सर्व सुरळीत चालले. पाचव्या आठवड्यात कळले की त्या न्हाणीघरात पडून मनगट मोडून घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या दुसऱ्या समाजातील बाई त्यांना भाकरी करून घालत होती. रक्त फरशीवर सांडत होते आणि आम्हांला दुखले नाही. आम्ही लंगडलोदेखील नाही! पौल २६व्या वचनात सांगतो की, एका अवयवाचे दुखणे हे साऱ्या शरीराचे दुखणे होय. मग त्या चार रविवारी आम्ही कोणते शरीर होतो?

ह्याच इंदुरास १८८४ साली डॉ. एलिझाबेथ बीटी आणि १८८६ साली डॉ. मॅरियन ऑलिव्हर कॅनडाहून आल्या. पुरुष डॉक्टरास हात दाखवू न शकणाऱ्या पडद्यातील स्त्रियांचे दुखणे त्यांना सातासमुद्रापलीकडे जाणवले. आम्हांला मात्र तीन गल्ल्यांपलीकडचे जाणवले नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, हजेरीपट हा आपला मज्जातंतू आहे. गैरहजर मुलाच्या नावापुढे नुसती फुली मारली तर खबर तेथेच मरते. दोन रविवार जागा रिकामी दिसली की त्या घरी जा. जाताना दुसऱ्या मुलांनाही न्या, म्हणजे ती लहानपणीच लंगडायला शिकतील.

शेवटी दिमिष्काची वाट आठवा. शौलाचे तडाखे यरुशलेमेतील विश्वासणाऱ्यांवर पडत होते. त्यांना तो घरांतून ओढून नेत होता. तरी स्वर्गातून प्रभू येशूने हा आपलाच छळ आहे असे म्हटले. अवयव पृथ्वीवर दुखावला आणि मस्तकाला स्वर्गात कळले. आपले मस्तक बधिर नाही. त्याच्याकडून येणारी खबर आपल्यापर्यंत पोहोचत नसेल, तर दोष आपल्या मज्जातंतूंत आहे.

हे प्रभो, आमची बधिरता काढून टाक. आमच्या भावाबहिणींचे आम्हांला दुखू दे, आणि दुखले म्हणजे उठून जाण्याचे बळ दे. आमेन.