कणगीतले बी आणि कुपीतली बुरशी

बुरशीचा एखादा वाण वर्षानुवर्षे जपून ठेवला, तर बाहेर काढल्यावर हाती येतो तो तोच असतो का? प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण जैवतंत्रज्ञानातली सुरक्षितता त्यावरच उभी आहे. ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी जपानात सोयाबीन-तांदूळ आंबवायला शतकानुशतके वापरतात. तिची सख्खी बहीण ॲस्परजिलस फ्लेव्हस सरकीवर, भुईमुगावर वाढते आणि यकृताला घातक असे अफ्लाटॉक्सिन तयार करते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघी ओळखताना जाणकारही गोंधळतो.

वाणाची ओळख शेतातही तितकीच महत्त्वाची. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव भागात कपाशीत तुरीची तासे असतात. जमिनीत दबा धरून बसलेली फ्युजॅरियम उडम ही बुरशी तुरीवर मर आणते. हिरवे झाड उभ्याउभ्या वाळते. त्यावर उपाय म्हणून पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात. मात्र सगळे ट्रायकोडर्मा सारखे नसतात. पारखलेला वाण मर रोखतो, दुसरा नुसताच वाढतो.

अडचण अशी की जिवंत वाण बदलतो. एका बशीतून दुसरीत असा तो पुन्हापुन्हा वाढवत नेला की काही पिढ्यांनी बीजाणू कमी धरतात, कडेला पांढरे वांझ पट्टे दिसू लागतात. मेटारायझियमसारख्या कीडनाशक बुरशीची मारकशक्ती घटते. म्हणून वाण टिकवायचा तर त्याची वाढच थांबवावी लागते. तो गोठवून निर्वातात त्यातले पाणी काढतात आणि काचेच्या कुपीत सीलबंद करतात, किंवा उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतला राष्ट्रीय बुरशी संग्रह आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह हेच काम करतात.

कुपीतला हा जीव श्वास घेत नाही, वाढत नाही, मेलेलाही नाही. असा जीव तोच राहतो का, हा वाद भारतीय दर्शनांत कणगीतल्या बियाण्यावरून रंगला होता. क्षणभंगवादी बौद्धांचे म्हणणे असे: बियाण्यात अंकुर देण्याचे सामर्थ्य असते, तर ते कणगीतच उगवले असते. तिथे उगवत नाही, शेतात उगवते, म्हणजे दोन्ही बिया वेगळ्या. दर क्षणी नवे बी जन्मते. उदयनाचार्यांसारख्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, उत्तर दिले की बी तेच आहे. माती, पाणी, ऊब ही सहकारी कारणे कणगीत नसतात, एवढाच फरक.

कुपीपुरते नैयायिकांचे पारडे जड ठरते. पाणी आणि अन्न मिळताच तोच वाण पुन्हा वाढू लागतो. बशीत वाढणाऱ्या बुरशीला मात्र बौद्धांचे म्हणणे अधिक लागू पडते. तिथे प्रवाह आहे, सातत्य आहे, पण कालची आणि आजची बुरशी एकच असल्याची हमी नाही. आणि बौद्धांची दुसरी कसोटी, जे कार्य करते तेच खरे, ती तर दोन्हीकडे लागते. चांगला संग्रह नावाच्या चिठ्ठीवर विसंबत नाही. कुपी उघडून वाण वाढवतो, रूप पाहतो, डीएनए ताडून बघतो. तरीही डीएनए जुळला म्हणून मारकशक्ती शाबूत असेलच असे नाही. ती वेगळी तपासावी लागते.

कृषी केंद्रातल्या ट्रायकोडर्माच्या पुडीला हे सारे लागू आहे. त्या भुकटीत जिवंत बीजाणू असतात आणि विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखाली ते मरतात. पुडी घेताना अंतिम तारीख पाहावी, ती सावलीत ठेवावी आणि कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकात मिसळू नये.