दात्याचे वय आणि मूत्रपिंडाचे आयुष्य

निरोगी तरुण माणसाच्या एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक सूक्ष्म गुच्छ असतो आणि रक्त तिथे गाळले जाते. जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी जिवंत दात्यांच्या मूत्रपिंडांतील कार्यक्षम गुच्छांची मोजदाद 2017 मध्ये प्रसिद्ध केली. 18 ते 29 या वयोगटात एका मूत्रपिंडात असे सुमारे 9 लाख 90 हजार गुच्छ आढळले, तर 70 ते 75 या वयोगटात सुमारे 5 लाख 20 हजार. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक डोळ्यांना दिसतो. तरुण गुच्छातल्या रक्तवाहिन्या मोकळ्या आणि स्वतंत्र दिसतात. निकामी झालेला गुच्छ आकसून गुळगुळीत, घट्ट गोळा बनलेला असतो. दात्याच्या वयाचा प्रश्न उभा राहतो तो इथून.

प्रत्यारोपणाच्या आरंभी मात्र हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. 23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले, तेव्हा दाता आणि रुग्ण हे तेवीस वर्षांचे एकसारखे जुळे भाऊ होते. रुग्ण रिचर्ड हेरिक आठ वर्षे जगला. दाता रोनाल्ड एका मूत्रपिंडावर 2010 पर्यंत जगला. भारतातला पहिला प्रयत्न मे 1965 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात मृत दात्याच्या मूत्रपिंडाने झाला, पण रुग्ण थोड्याच दिवसांत दगावला. पहिले यश 1971 मध्ये वेल्लोरला आले. त्या काळात सारी लढाई शरीराने परका अवयव नाकारण्याशी होती. 1980च्या दशकात हा नकार रोखणारे सायक्लोस्पोरिन हे औषध वापरात आले, मूत्रपिंडे वर्षानुवर्षे टिकू लागली, आणि मग कोणते किती टिकते हे मोजणे शक्य झाले.

या मोजणीत वय ठळकपणे पुढे आले. वयस्क मृत दात्याचे मूत्रपिंड काम सुरू करायला अधिक वेळ घेते आणि सरासरीने लवकर थकते. डॉ. बॅरी ब्रेनर यांच्या मांडणीने त्याचे एक कारण दाखवले: नेफ्रॉन कमी असले की उरलेल्यांवर भार वाढतो आणि त्या भारानेच तेही झिजतात. त्यामुळे ठरावीक वयापुढचा दाता नकोच, असा नियम सोपा वाटत होता.

पण सर्वांची मूत्रपिंडे एकाच गतीने म्हातारी होत नाहीत. बाल्टिमोर येथे निरोगी माणसांचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत सुमारे एक तृतीयांश लोकांची गाळण्याची क्षमता वयाबरोबर घटलेलीच दिसली नाही. साठीचे एखादे मूत्रपिंड रक्तदाब आणि मधुमेहाने पोखरलेल्या पंचेचाळिशीच्या मूत्रपिंडापेक्षा चांगले असू शकते. इटलीतील डॉ. ज्युसेप्पे रेमुझ्झी यांच्या गटाने साठीपुढच्या दात्यांच्या मूत्रपिंडांची आधी बायोप्सी केली. झीज कमी असेल तर एक मूत्रपिंड, मध्यम असेल तर एकाच रुग्णाला दोन्ही, फार असेल तर वापरायचे नाही, अशी ही रीत. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निकाल तरुण दात्यांच्या मूत्रपिंडांच्या तोडीचे होते.

याच काळात प्रश्नाचे रूपही बदलत होते. ‘हे मूत्रपिंड चांगले आहे का?’ याऐवजी ‘ते कोणासाठी चांगले आहे?’ असे विचारले जाऊ लागले. युरोपातील काही देशांच्या सामायिक यंत्रणेने 1999 मध्ये 65 वर्षांपुढच्या दात्यांची मूत्रपिंडे 65 पुढच्याच रुग्णांना, तीही जवळपासच्या केंद्रात देण्यास सुरुवात केली. अमेरिकेत 2002 मध्ये ‘विस्तारित निकष’ आले. साठीपुढचा प्रत्येक दाता त्यात बसे. पन्नाशीतल्या दात्यासाठी उच्च रक्तदाब, वाढलेले क्रिएटिनिन आणि मेंदूच्या पक्षाघाताने (स्ट्रोकने) मृत्यू यांपैकी दोन गोष्टी आवश्यक होत्या. पुढे हो-नाही अशा या विभागणीच्या जागी वयासह अनेक घटकांचा एकत्रित गुणांक आला. तुलना कशाशी करायची, हेही स्पष्ट झाले. रुग्णापुढे बहुधा तरुण मूत्रपिंडाचा पर्याय नसतो. पर्याय असतो डायलिसिसवर आणखी काही वर्षे काढण्याचा. चाळिशीपुढच्या आणि लांब प्रतीक्षायादीतल्या रुग्णांना वयस्क मूत्रपिंड घेण्याचा फायदा होतो, असे 2005 च्या अमेरिकी अभ्यासाने दाखवले.

महाराष्ट्रात हा विचार घराघरांतून तपासला जातो, कारण इथे जिवंत नातेवाइकाचे दान मोठ्या प्रमाणावर होते. 1994चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून संसदेने केला. त्यात आईवडील, पती-पत्नी, मुले आणि भावंडे ही जवळची नाती होती. 2011च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे त्यांत आली. जिवंत दात्याचे वय किमान अठरा असावे लागते. साठीची आई पस्तिशीच्या मुलाला मूत्रपिंड देते तेव्हा त्यातले नेफ्रॉन कमी असतात, तरीही त्या अवयवाने मेंदुमृत्यूचा आघात सोसलेला नसतो, तो फार वेळ बर्फात राहिलेला नसतो आणि त्याची कसून तपासणी झालेली असते. म्हणून निरोगी वयस्क आईचे मूत्रपिंड बरेचदा तरुण मृत दात्याच्या मूत्रपिंडाइतकी साथ देते. दात्याच्या बाजूनेही वयाचा हिशेब वेगळा लागतो. पंचविशीच्या भावाला एका मूत्रपिंडावर पुढची पन्नास वर्षे काढायची असतात. आईच्या बाबतीत तो धोक्याचा काळ लहान असतो. शस्त्रक्रियेचा ताण मात्र तिला अधिक असतो.

मेंदुमृत दात्यांच्या मूत्रपिंडांचे वाटप राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समित्या करतात. 2023 मध्ये केंद्राने नोंदणीसाठी रुग्णांवर असलेली 65 वर्षांची मर्यादा काढली, त्यामुळे वयस्क रुग्णांसाठी वयस्क मूत्रपिंडांचा विचार आणखी निकडीचा झाला. वसई-विरारच्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि प्रत्यारोपणासाठी बहुधा मुंबईची वाट, असा दिनक्रम असतो. इथल्या एखाद्या अतिदक्षता विभागात सत्तरीच्या मेंदुमृत माणसाचे कुटुंब दानाला तयार झाले, तर वेळेला किंमत येते, कारण वयस्क मूत्रपिंडाला थंड पेटीतला वेळ तरुण मूत्रपिंडाइतका सोसत नाही. वसई ते मुंबईतील परळ हे पन्नास-साठ किलोमीटरचे अंतर मोकळ्या रस्त्याने लवकर कापता येते; रक्ताची क्रॉसमॅच, योग्य रुग्णाला बोलावणे आणि शस्त्रक्रियागृहाची तयारी यांत अधिक तास जातात. ही तयारी आधीच झालेली असेल, तर सत्तरीचे मूत्रपिंडही पासष्टीच्या रुग्णाला डायलिसिसच्या खुर्चीतून उठवू शकते.

म्हणून दात्याचे वय आज दानाचा दरवाजा बंद करत नाही. बायोप्सी, रक्तदाब, क्रिएटिनिन, थंड पेटीतले तास आणि समोरच्या रुग्णाचे वय यांच्या सोबत ठेवून ते वाचले जाते.