आवळलेला बोल्ट

इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन गावात एमजी गाड्यांचा कारखाना होता. १९६२ साली तिथून एमजीबी ही स्पोर्ट्स कार बाहेर पडली आणि १९८० मध्ये कारखान्याला टाळं लागेपर्यंत पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या. तिथं उमेदीची वर्षं घालवलेला एक फिटर पुढेही गावातच राहिला. घरामागच्या शेडमध्ये तो लोकांच्या जुन्या गाड्या दुरुस्त करून द्यायचा.

एक दिवस एक तरुण १९७१ ची एमजीबी घेऊन आला. गाडी लखलखीत, पण मालकाचं तोंड उतरलेलं. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा कमरेत जाणवत होता आणि बायकोनं बजावलं होतं, यापुढे या गाडीत तू एकट्यानंच बसायचं. त्यानं उपायही ठरवून आणला होता. डिकीत महागड्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं कोरं खोकं होतं.

"एवढे बसवून द्या, म्हणजे झालं."

म्हाताऱ्यानं खोक्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. खिशातून हवेचा गेज काढून तो टायरपाशी उकिडवा बसला. चारही चाकांत तीस पौंडांच्या वर हवा.

"एवढी कुणी भरली?"

"मीच. माझ्या रोजच्या गाडीत एवढीच असते."

"ही जेमतेम हजार किलोची पोर आहे. पुढे २१, मागे २४, बास."

हवा कमी करून तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आधीच्या मालकानं गाडी खाली बसावी म्हणून आखूड स्प्रिंगा घातल्या होत्या आणि मागचे पाटेही चपटे करून घेतले होते. त्यामुळे मागचा अ‍ॅक्सल रबरी ठोकळ्यांना जवळजवळ टेकलेलाच होता. जरा खड्डा आला की ठोकळ्यावर आपटायचा. तिथं कितीही भारी शॉकअ‍ॅब्सॉर्बर लावला तरी त्याला हलायला जागा कुठून मिळणार? वर मूळचे रबरी बुश काढून कडक प्लॅस्टिकचे बसवलेले. स्पोर्ट्स कार म्हणजे टणकच हवी, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. सुटे भाग विकणाऱ्यांचा त्यात फायदा आहे एवढं खरं.

"आधीच्या मालकानं गाडीवर पुष्कळ खर्च केलाय," म्हातारा खालूनच म्हणाला.

"हो, त्यानं ती सुधारून घेतली होती."

"आणि आता तू सुधारायला आलायस."

मूळच्या मापाच्या स्प्रिंगा आणि पाटे आले, रबरी बुश आले. या गाडीचे मूळचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर नळीसारखे नसतात. तेलानं भरलेली डबी आणि तिला एक दांडा, अशी त्यांची घडण. पुढचा दांडा तर चाक धरणाऱ्या वरच्या हाताचंच काम करतो. म्हाताऱ्यानं मागचा दांडा सांध्यातून सोडवला आणि हातानं वर-खाली करून दाखवला. निम्म्या वाटेपर्यंत तो विनाअडथळा जात होता, मग एकदम जड. आत तेल कमी झालं होतं. तेल भरून थोडा वेळ हलवल्यावर दांडा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच जड लागू लागला. खोकं डिकीतच राहिलं.

म्हातारा जेवायला गेला तेव्हा तरुणाला धीर निघेना. गाडी स्टँडवर उभी, मागचा अ‍ॅक्सल खाली लोंबलेला. त्यानं पाट्यांचे बोल्ट जोर लावून आवळून टाकले. म्हातारा परतला, पान्यानं एक बोल्ट चाचपला.

"सैल कर."

"पण घट्ट आवळलेत की!"

"म्हणूनच. पुढच्या बुशाचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं आणि बोल्ट त्या नळीला धरून ठेवतो. तू तो लोंबत्या पाट्याला आवळलास. गाडी जमिनीवर आली की पाटा फिरणार, नळी फिरणार नाही. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाही ते रबर पिळलेलंच. ताठही राहील आणि लवकर फाटेलही."

बोल्ट सैल करून त्यांनी गाडी चाकांवर उतरवली. म्हाताऱ्यानं डिकीवर हात टेकून ती दोन-तीनदा दाबली. गाडी खाली बसली, थोडी वर आली, थांबली. मग त्यानं पाना तरुणाच्या हातात दिला. "आता आवळ."

पुढच्या रविवारी बायको गाडीत बसली. गाडी वळणावर आधीपेक्षा थोडी कलत होती, पण खडबडीत रस्त्यावर चाकं उड्या मारेनाशी झाली, आणि तरुणाच्या ध्यानात आलं की वळणाला ब्रेकही कमीच लागतोय.

त्यानंतर तो शेडमध्ये वरचेवर यायला लागला. एकदा एक बाई आल्या. त्यांचीही एमजीबी, तीही त्याच सुमाराची, तक्रारही तीच: शेजारी बसणाऱ्याला धक्के बसतात. म्हातारा हात पुसेपर्यंत तरुण पाना घेऊन गाडीखाली शिरलाही.

"पाट्यांचे बोल्ट लोंबत आवळलेत. दुसरं काही नाही!" तो आतून ओरडला.

अर्धा तास त्यानं बोल्ट सैल केले, परत आवळले. हवा बघितली, ती बरोबर होती. स्प्रिंगा मूळच्या होत्या, तेलही काठोकाठ होतं.

तेवढ्यात म्हातारा शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि थेट खालच्या लोखंडी चौकटीवर आदळला.

"बाहेर ये," तो म्हणाला. "सीटखालचे पट्टे तुटलेत."