झाकलेलं, पण सगळ्यांना ठाऊक असावं असं

शस्त्र परवान्याच्या अर्जात, म्हणजे नमुना ए-१ मध्ये, परवाना कशासाठी हवा ते सांगावं लागतं. मी तिथं लिहिलं, ‘स्वसंरक्षणासाठी’. लिहिलं पेन्सिलनं. पेन हातात असूनही पेन्सिल का उचलली, याचा विचार करत बसलो आणि अर्ज तिथंच अडला.

बेसा रोडवर माझं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. ग्रामपंचायत जाऊन बेसा-पिपळा नगरपंचायत आली, मानेवाड्यापासून दुकानांची रांग लागली, पण आतल्या लेआउटमध्ये अजून एक घर आणि चार रिकामे प्लॉट अशीच वस्ती आहे. रात्री शटर पाडून घरी निघालो की मधला एक पट्टा अंधाराचा लागतो. परवान्यासाठी हे कारण अगदी तयार होतं : व्यापारी माणूस, जवळ रोकड, सुनसान रस्ता. बेलतरोडी ठाण्यातून चौकशीला कोणी आलं असतं तर त्यालाही पटलं असतं. मलाच पटेना, कारण गल्ला मीच मोजतो. आता ठेकेदारसुद्धा मोबाईलवरून पैसे टाकतात. जी रोकड घेऊन मी निघतो ती लुटायला कोणी फार लांबून येणार नाही.

खरं कारण घोगलीकडच्या प्लॉटवर आहे. तिथं कोणीतरी माझं तारेचं कुंपण वाकवून टिनाचं शेड टाकलं आणि ताब्याची पाटी लावली. मी विचारायला गेलो. प्लास्टिकच्या खुर्चीवर विशी-बाविशीचा एक पोरगा बसला होता. त्यानं शिवी दिली नाही, धमकी दिली नाही, अंगावर आला नाही. तो खुर्चीवरून उठला नाही, एवढंच. मोबाईलमध्ये बघत बघत म्हणाला, “काका, कागदं कोर्टात दाखवा.” त्याच रात्री मी रिव्हॉल्व्हरचे व्हिडिओ बघायला लागलो.

बघायला लागलो तसा भराभर शहाणाही झालो. ९ एमएम ही प्रतिबंधित बोअर, सामान्य माणसाला ती मिळत नाही; आपल्या वाट्याला मुख्यतः .३२. त्यात इशापूरच्या कारखान्याचं ‘अशनी’ पिस्तूल आहे, कानपूरचं रिव्हॉल्व्हर आहे. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, २०१४ साली, बायकांच्या पर्समध्ये मावेल म्हणून काढलेलं ‘निर्भीक’ आहे : सहा गोळ्या, वजन साधारण अर्धा किलो आणि तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६०. ज्या बाईला रात्री ऑटोनं घरी जावं लागतं तिला हा आकडा ऐकूनच हसू आलं असेल. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं. पिस्तुलाची स्लाइड मागं ओढावी लागते, घाबरलेल्या हाताला ते जमेलच असं नाही. रिव्हॉल्व्हरचा घोडा दाबला की झालं, म्हणून नवख्यानं रिव्हॉल्व्हर घ्यावं, असं जाणकार सांगतात. हे सगळं मला पाठ झालं. प्लॉटच्या सातबाऱ्याचा उतारा मात्र तोवर काढलेला नव्हता.

निवड करताना माझं लक्ष कुठं जात होतं, ते सांगायला जीभ जड होते. शर्टाखाली कमरेला लावलं तर उंचवटा किती दिसेल, हे मी आरशासमोर चष्म्याची पेटी खोचून बघितलं. दिसू नये म्हणून नाही. थोडं दिसावं म्हणून.

आणि इथंच २०१६ च्या शस्त्र नियमांनी मला गाठलं. सार्वजनिक जागी हँडगन न्यायची तर ती अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर पुरता ताबा हवा, असं हे नियम सांगतात. पूर्ण झाकलेली, म्हणजे त्या पोरानं खुर्चीवरून उठावं म्हणून शर्ट जरा वर सरकवण्याची सोय नाही. मला हवी होती ती बंदूक कायद्यात बसणारी नव्हतीच. बाळगायची झाकून, पण असल्याची बातमी बेसा चौकातल्या पानठेल्यापर्यंत पोचलेली, अशी काहीतरी मला हवी होती. लग्नाच्या मांडवात कमरेला चामड्याचं पाकीट लावून फिरणारे पाहुणे लहानपणी पाहिले होते. त्यांच्या पानात जिलबी आधी पडायची. मनात खोल कुठंतरी ती जिलबी अजून आहे.

आमच्या ओळखीत एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. त्यांना म्हटलं, एकदा दाखवा. त्यांनी आधी काडतुसं काढून खिशात टाकली, घरं रिकामी असल्याची बोटानं चाचपून खात्री केली आणि मग ते टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलं. मी हात पुढं केला तसा त्यांनी तळहात आडवा धरला. “पाहाचं. हात नाही लावाचा. परवाना माह्या नावाचा आहे.” काळपट लोखंड, तेलाचा बारीक वास, मुठीवरच्या रेघा घासून गुळगुळीत झालेल्या. मग ते जे बोलले ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं. “तुले सांगतो, हे कमरेले लागलं ना, की भांडाचा हक्क गेला. कोनी कॉलर धरली तरी आपणच सॉरी म्हणाचं अन् मागं सराचं. काहून का, झोंबाझोंबीत ते त्याच्या हाताले लागलं तर? मी बारा वर्सांत एकाही मानसाशी मोठ्या आवाजात बोललो नाही.”

मी तर बंदूक घेणार होतो ती मोठ्या आवाजात बोलता यावं म्हणून.

कायद्याचंही सुभेदारांसारखंच म्हणणं आहे. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा नाही. आणि पोलीस-सरकारकडे जायला वेळ असेल तिथं तर हा हक्क उरतच नाही. प्लॉटच्या भांडणात वेळच वेळ असतो. आमच्या नागपुरात तो पिढ्यानपिढ्या पुरतो. म्हणजे ज्या माणसासाठी मी रिव्हॉल्व्हर निवडत होतो, त्याच्यावर ते उगारण्याचा प्रसंग कायद्याच्या हिशेबात येतच नव्हता.

भीती म्हणजे काय, हे याच शहरात कस्तुरबा नगरच्या बायकांना विचारावं. अक्कू यादव नावाच्या गुंडानं ती वस्ती वर्षानुवर्षं नासवली आणि त्यांचं कोणी ऐकलं नाही. १३ ऑगस्ट २००४ ला त्या थेट जिल्हा न्यायालयात शिरल्या आणि तो तिथंच मारला गेला. हातात काय होतं, तर भाजीच्या सुऱ्या आणि तिखट. त्या कृत्याचं समर्थन मी करणार नाही. पण परवाना मागण्याइतका खरा धोका या शहरात कोणाला असेल तर तो त्यांना होता, आणि नमुना ए-१ त्यांच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आला नसेल. तो येतो माझ्या. पक्कं घर, दुकान, आयकराचं विवरणपत्र, दोन ओळखीचे नगरसेवक असलेल्या माणसाच्या. परवाना मिळण्याजोगी माझी पत आहे, गरज नाही; आणि या दोन गोष्टींची मी सोयीनं गल्लत करत होतो.

घरात विषय काढला तेव्हा बायकोनं एकच विचारलं, “चावी कुठं ठेवाल?” आमच्या गोदरेजच्या कपाटाची चावी कुठं असते ते माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला ठाऊक आहे, भाच्यांना ठाऊक आहे, कामाच्या बाईलाही ठाऊक असावं. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जदाराला द्यावी लागते. मी ती सही करून दिली असती, आणि चावी तिथंच राहिली असती. भाजप नेते प्रमोद महाजनांवर २२ एप्रिल २००६ ला गोळ्या झाडल्या गेल्या त्या सख्ख्या भावाच्या परवान्याच्या पिस्तुलातून. पिस्तूल कायदेशीर होतं, भाऊही परका नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदा स्वतःचंच रिव्हॉल्व्हर आवरून ठेवताना पायात गोळी लागून दवाखान्यात गेला. आमच्या मुलाचा राग माझ्यावर गेला आहे. आणि माझंही एक वर्ष असं गेलं होतं, धंदा बसला होता, झोप उडाली होती, की त्या वर्षी कपाटात अशी वस्तू नव्हती हे बरं झालं. विदर्भातल्या माणसाला याहून जास्त उलगडून सांगायला नको.

तरीही इच्छा लगेच गेली असं नाही. ती हुशार असते, कारण बदलून परत येते. आज रोकड, उद्या बायकोची सोनसाखळी, परवा ‘काळ वाईट आला आहे’. साखळी ओढणारा मोटारसायकलवर असतो. माझा हात शर्टाखाली जाईस्तोवर त्याची पाठ दिसत असेल, आणि पाठीवर गोळी झाडणं हा बचाव नव्हे. हे कळूनही मन म्हणे, असू दे, घरात असलेलं बरं.

म्हणून मी स्वतःला एक प्रश्न विचारला. परवाना मिळाला, रिव्हॉल्व्हर आलं, रोज कमरेला लागलं, पण जन्मात कोणालाच कळलं नाही, ना त्या शेडवाल्या पोराला, ना पानठेल्यावर, ना नातेवाइकांत, तर हवं आहे का? खरा धोका असलेला माणूस क्षणात हो म्हणेल. मला उत्तर शोधायला लागलंच नाही. अर्ज पुरा भरायच्या आधीच वर्ध्याच्या साळ्याला फोन करून सांगून झालं होतं, आणि त्यानं विचारलं होतं, “भाऊजी, दिवाळीले आनान ना दाखवाले?”