केलं, करवलं, करवून घेतलं

फ्रेंचच्या बी-1 पातळीवर 'फेर' हे क्रियापद पुन्हा एकदा भेटतं. ए-1ला ते 'करणं' म्हणून येतं आणि आपण समजतो की आता त्याची ओळख झाली. बी-1ला कळतं की त्याच्यापुढे दुसरं क्रियापद मूळ रूपात ठेवलं की अर्थ 'करवणं' होतो. 'ज रेपार मा व्वात्यूर' म्हणजे मी माझी गाडी दुरुस्त करते. 'ज फे रेपारे मा व्वात्यूर' म्हणजे मी ती दुरुस्त करवून घेते. मधे एवढंसं 'फे' आलं आणि हाताला लागलेलं ग्रीस गेलं.

पुण्यातल्या आमच्या वर्गात मादामनी गृहपाठ दिला होता: गेल्या काही दिवसांत तुम्ही काय काय करवून घेतलंत किंवा तुमच्याकडून कुणी काय करवून घेतलं, पाच वाक्यं लिहा. केस कापून घेतले, एसीची सर्व्हिसिंग करवली, ब्लाउज शिवून घेतला अशी चार वाक्यं सहज झाली. पाचवं वाक्य मी असं लिहिलं: 'कंपनीने मला जी खाती बंद करायला लावली, ती अडतीस होती.' यात 'फे'ला मी अनेकवचनाचा प्रत्यय लावला होता. मादामनी तो लाल पेनने खोडला आणि म्हणाल्या, "पुढे मूळ क्रियापद आलं की फे बदलत नाही. बाकी वाक्य अगदी बरोबर."

वाक्य बरोबर होतं का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

हकिगत छोटी आहे. गुरुवारी दुपारी मला एक एक्सेल शीट आली. त्यात अडतीस कर्मचारी क्रमांक होते आणि सूचना होती की सोमवारी सकाळी साडेनऊला या सगळ्यांचं मेल, व्हीपीएन आणि कोडचं भांडार बंद झालं पाहिजे. साडेनऊलाच त्यांची एचआरबरोबर मीटिंग सुरू होणार होती. "सोमवारच्या आत करून घे आणि कुणाला बोलू नकोस," मॅनेजर म्हणाला. मी स्क्रिप्ट लिहिली. क्रमांकांवरून नावं शोधायची गरज नव्हती, तरी मी ती शोधली. त्यात माझा एक सीनियर होता. मी नवीन असताना त्याने मला कोड वाचायला शिकवलं होतं. शुक्रवारी आम्ही एकत्र डबा खाल्ला. तो म्हणाला, "रिलीजचं काम मी शनिवार-रविवारी बसून संपवतो. सोमवारी सकाळी तेवढा रिव्ह्यू करशील ना?" मी म्हणाले, "करते की." रविवारी रात्री त्याने काम पूर्ण करून पाठवलं. सोमवारी साडेनऊला स्क्रिप्ट चालली.

त्या दिवसापासून कुणी विचारलं की मी म्हणायचे, "माझ्याकडून करवून घेतलं." हे खोटं नाही. पण या वाक्यात काय काय दडतं, ते मला एका परक्या भाषेच्या व्याकरणाने दाखवलं.

आधी त्या खोडलेल्या प्रत्ययाबद्दल. फ्रेंचमध्ये 'मी बांधलेलं घर' म्हणताना 'बांधलेलं' हे रूप घराच्या लिंगाप्रमाणे बदलतं, ऐकूही येतं: 'ला मेझों क झे कोंस्त्रुईत'. 'मी बांधवून घेतलेलं घर' म्हणताना मात्र 'फे' जसंच्या तसं राहतं. कारण सोपं आहे: घर हे बांधण्याचं कर्म आहे, करवण्याचं नाही. करवणाऱ्याच्या क्रियापदाला स्वतःचं असं कर्म नसतं, म्हणून त्याला बदलावं लागत नाही. मी हे वहीत उतरवून घेतलं आणि मग 'कर्म' या शब्दाकडे बराच वेळ बघत बसले. वर बसून निर्णय घेणाऱ्या माणसाला नेमकी हीच सोय असते. घर असो की खातं, त्या वस्तूचा स्पर्श त्याच्या क्रियापदापर्यंत पोचत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ कर्त्याचं काय होतं. साध्या वाक्यात तो पहिल्या जागी असतो. 'फेर' आलं की त्याची जागा करवणारा घेतो आणि मूळ कर्ता मागे ढकलला जातो. कधी तो कर्म होऊन बसतो, कधी 'च्याकडून' या अर्थाचं शब्दयोगी अव्यय लावून शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा येतच नाही. गाडी कुणी दुरुस्त केली हे कुणी सांगत नाही. व्हर्सायचा राजवाडा चौदाव्या लुईने 'बांधवला' असं फ्रेंच म्हणतात. त्यात निदान एवढी तरी कबुली आहे की हात दुसऱ्यांचे होते. आपण तर सरळ म्हणतो की शहाजहानने ताजमहाल बांधला.

श्रेय घ्यायचं असतं तेव्हा मूळ कर्ता गाळला जातो. दोष द्यायचा असतो तेव्हा तोच कर्ता उत्साहाने करवणाऱ्याला वाक्यात आणतो. हे मी दुसऱ्यांबद्दल म्हणत नाही. त्या वर्षीच्या माझ्या स्वमूल्यमापनात मी लिहिलं होतं: 'कर्मचाऱ्यांची खाती बंद करण्याची प्रक्रिया स्वयंचलित केली.' शुद्ध कर्तरी प्रयोग, कर्ता मी. तेच काम मित्रांना सांगताना 'माझ्याकडून करवून घेतलं'. काम एक, स्क्रिप्ट एक. बढतीच्या अर्जात मी कर्ता होते आणि चहाच्या टपरीवर साधन.

फ्रेंचच्या 'फेर'ची आणखी एक गंमत अशी की त्यात बळजबरी, विनंती आणि मजुरी देऊन करवणं यांत फरक नाही. इंग्रजीत त्यासाठी मेक, हॅव, गेट असे वेगळे शब्द आहेत आणि सोडून देण्यासाठी लेट. मराठी त्याहून बारकाईने बोलते. 'करायला लावलं' यात दाब आहे. 'करवून घेतलं' यात करवणाऱ्याचा फायदा आहे. 'करू दिलं' यात अडवण्याची ताकद असूनही न अडवणं आहे. स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं तर मला 'करायला लावलं' हे कितपत खरं होतं? कुणी धमकी दिली नव्हती. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नाही.

इथे पाणिनी मदतीला येतो. जो स्वतंत्र, तो कर्ता, अशी त्याची व्याख्या आहे. मग कर्त्याला कामाला लावणारा कोण? त्याला पाणिनी 'हेतू' म्हणतो आणि लगेच सांगतो की त्याला कर्ता ही संज्ञाही आहेच. म्हणजे हेतू आला म्हणून आधीच्याचं कर्तेपण रद्द होत नाही. वाक्यात दोन कर्ते होतात. जबाबदारी म्हणजे हॉटेलचं बिल नाही, की माणसं वाढली की प्रत्येकाचा वाटा कमी व्हावा. जैन आचारशास्त्रात आणि योगसूत्रांत हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून मान्य केलेली. तिन्ही हिंसाच. 'मी फक्त सांगितलं' असं म्हणणारा त्यातून सुटत नाही, तसाच 'मला फक्त सांगितलं होतं' असं म्हणणाराही.

पण आमच्या व्यवसायात एक अडचण आहे. मी तरी कुठे स्वतःच्या हाताने एकेक खातं बंद केलं? मी स्क्रिप्ट चालवली. हे वाक्य शंभरदा म्हटल्यावर एक दिवस ऐकू आलं: 'चालवणं' हे 'चालणं'चं प्रयोजक रूप आहे. फ्रेंचमध्येही प्रोग्राम चालवण्याला 'फेर तूर्ने' म्हणजे 'फिरवणं' म्हणतात. तिथेही तेच 'फेर'. म्हणजे वरून पाहिलं तर माझ्याकडून करवलं गेलं आणि खालून पाहिलं तर मी करवलं. सोमवारी साडेनऊला मी कॉफी घेत होते. बटणसुद्धा दाबलं नाही. वेळ आधीच लावून ठेवली होती.

अंतर वाढलं की माणूस किती सहज काम करतो, हे स्टॅन्ली मिलग्रॅमच्या येल विद्यापीठातल्या, 1960च्या दशकाच्या सुरुवातीच्या प्रयोगांत दिसतं. शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून समोरच्याला विजेचे झटके द्यायचे होते (झटके खरे नव्हते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं). 1963 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षात 40पैकी 26 जण 450 व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो. त्याच मालिकेतला दुसरा प्रयोग कमी सांगितला जातो. त्यात बटण दुसराच कुणी दाबत होता आणि आपल्या माणसाकडे फक्त बाजूचं काम होतं. त्यात 40पैकी 37 जण शेवटपर्यंत बसून राहिले. मधे एक हात आला की इतका फरक पडतो. माझ्या बाबतीत तर मधे हातही नव्हता, संगणक होता. आणि संगणक स्वतंत्र नाही. तो नाही म्हणू शकत नव्हता. त्या साखळीत 'नाही' म्हणू शकणारी शेवटची व्यक्ती मी होते. माझ्या खाली कर्ता म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं.

काही महिन्यांनी तो सीनियर भेटला. त्याला दुसरी नोकरी लागली होती. मी त्याला सगळं सांगितलं, शुक्रवारच्या डब्यासकट. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "जाऊ दे. तू नसतं केलंस तर दुसऱ्या कुणी केलं असतं."

हा युक्तिवाद जुना आहे. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1973 साली जॉर्ज नावाच्या एका काल्पनिक रसायनशास्त्रज्ञाचं उदाहरण दिलं. जॉर्जला रासायनिक आणि जैविक शस्त्रांच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळते आहे. त्याचा अशा शस्त्रांना विरोध आहे. पण त्याने नाकारली तर ती त्याच्याहून उत्साही माणसाला मिळेल. परिणामांचा हिशोब म्हणतो, घे. विल्यम्सचा आक्षेप असा की या हिशोबात 'जॉर्ज काय करतो' याला काही किंमतच उरत नाही. माणूस म्हणजे परिणाम इकडून तिकडे नेणारी नळी होते. मला वाटतं, 'दुसऱ्या कुणी केलं असतं' हे वाक्य कंपनीबद्दल खरं आहे, माझ्याबद्दल नाही. ते सांगतं की अडतीस खाती बंद झालीच असती. ती मी बंद केली, याचं ते काहीच करू शकत नाही. शिवाय ते वाक्य मला माफ करायला म्हणण्याचा हक्क त्याला होता. ते उचलून स्वतःला माफ करण्याचा हक्क मला नाही.

मग मी काय करायला हवं होतं? नोकरी सोडायला हवी होती असं मी म्हणत नाही. ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे त्यांना असले सल्ले देणं सोपं असतं. पण माझ्या हातात काही लहान गोष्टी होत्या. खाती मीटिंग सुरू होताना नाही, संपल्यावर बंद करू, असं विचारता आलं असतं. माणसाला बातमी तोंडून कळेल, लॉगिन होत नाही म्हणून कळणार नाही. ती वेळ ज्या ओळीत लिहायची होती, ती ओळ मीच टाइप केली होती. आणि शुक्रवारी 'करते की' न म्हणता 'शनिवार-रविवार जरा आराम कर' एवढं तरी म्हणता आलं असतं. रहस्य फुटलं नसतं. ही 'करते की' तर माझ्याकडून कुणीच करवून घेतली नव्हती.

शाळेच्या व्याकरणात प्रयोजक क्रियापदाच्या शेजारीच शक्य क्रियापद शिकवतात, कारण दोन्हींचं रूप एकसारखं असतं. 'आई बाळाला चालवते' हे प्रयोजक. 'आजोबांना आता चालवतं' हे शक्य. फ्रेंचमध्ये हा योग नाही. तिथे शक्यतेसाठी वेगळं क्रियापद लागतं. मराठीत मात्र 'करवणं' म्हणजे दुसऱ्याकडून करून घेणं आणि 'करवणं' म्हणजे आपल्याच्याने होऊ शकणं. हे दुसरं रूप आपल्याला बहुधा नकारातच भेटतं: बघवत नाही, जेववत नाही, बोलवलं नाही. आतून काहीतरी अडवतं तेव्हा आपण ते वापरतो. त्याचा होकार आपण सहसा उच्चारत नाही.

पाचव्या वाक्याखाली मी नंतर मराठीत एक वाक्य लिहून ठेवलं. मादामना ते दाखवलं नाही. त्यांना मराठी उत्तम येतं. माझ्याकडून ते करवलं गेलं, हे खरं आहे. आणि मला ते करवलं, हेही.